जहाजांची ओढ

घरात तिला सगळे टकळी म्हणायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. तिलाही नाही. बोलायला लागल्यापासून ती कधी थांबलीच नव्हती. वकिलीच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा आई म्हणाली होती, "चला, निदान एवढ्या बोलण्याचं चीज तरी होईल." यथावकाश पदवी मिळाली, निकाल चांगला लागला, फोटो काढून झाले, आणि मग कळलं की या दाराच्या आत अजून एक दार आहे. कुठल्यातरी फर्ममध्ये शिकाऊ वकील म्हणून दोन वर्षं काढल्याशिवाय वकील म्हणवून घेता येत नाही, आणि त्या दुसऱ्या दाराबाहेर तिच्यासारखी शेकडो पोरंपोरी ताटकळत उभी आहेत.

सात महिन्यांत तिने एकोणीस अर्ज केले. एकोणीसच्या एकोणीस नकार. खरं तर आले चौदाच. बाकीच्या पाच फर्मनी नकार कळवण्याचीही तसदी घेतली नाही. आलेल्यांपैकी नऊ पत्रांत 'आपली गुणवत्ता वादातीत आहे, तथापि' हे शब्द होते. पुढे पुढे तर टकळी पाकीट फोडायची आणि एकदम 'तथापि'च शोधायची.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. बाबांचं चष्म्याचं दुकान. ते म्हणत, "समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल, अर्धं काम तिथेच होतं." आई शाळेत शिकवायची. तिचं म्हणणं, अक्षर गोल काढ आणि समास सोड. पण सगळ्यांत वजनदार सल्ला दादाचा. दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. वर्षभरापूर्वी तो काचेच्या उंच इमारतीतल्या एका बड्या फर्ममध्ये लागला होता, आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सहज डोकावायला आला तरी कडक कॉलर घालूनच येत असे. त्याने आपला स्वतःचा अर्ज तिला नमुना म्हणून दिला.

"हे बघ टकळे, हा चाललेला अर्ज आहे. याच्यातला शब्द हलवायचा नाही. फक्त फर्मचं नाव बदलायचं आणि ते काय काम करतात तेवढं बदलायचं. कळलं?"

त्या अर्जाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: 'अमुक क्षेत्रातील आपल्या फर्मच्या देदीप्यमान कामगिरीची मला लहानपणापासून ओढ आहे.' त्यामुळे टकळीला लहानपणापासून बँकांच्या विलीनीकरणाची ओढ होती, औषधांच्या पेटंटची होती, विमानं भाड्याने देण्याच्या करारांचीही होती. एवढ्या ओढी असलेलं मूल शाळेत कधी जात असेल, असा प्रश्न कुणालाही पडला असता. तिला पडला नाही.

विसावा आणि एकविसावा अर्ज तिने एकाच सकाळी केले. विसावा बंदराजवळच्या एका मोठ्या फर्मला. तिथे जहाजांच्या विम्याची कामं चालत. तो कॉम्प्युटरवरून गेला. एकविसावा एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर असलेल्या तीन खोल्यांच्या ऑफिसला. तिथे घटस्फोट, मृत्युपत्रं आणि घरमालक-भाडेकरूंची भांडणं. या ऑफिसची तऱ्हा जुनी. अर्ज स्वतःच्या हाताने लिहायचा आणि स्वतः नेऊन द्यायचा, असं जाहिरातीत बजावलं होतं. तिने लिहिला, दहाच्या ठोक्याला देऊन आली आणि हात झटकून मोकळी झाली.

दुपारी आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अठ्ठावीस वर्षं ती कोर्टात लघुलेखक होती. वकील, साक्षीदार, न्यायाधीश जे जे बोलले ते सगळं तिच्या बोटांतून कागदावर उतरलेलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कुणी बोलायला लागलं की तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळवळायची. टकळीशी बोलताना ती तो हात मांडीखाली दाबून बसे.

"दाखव बघू, काय खरडतेस ते," आत्या म्हणाली. "एकोणीस फर्म सगळ्याच आंधळ्या नसतात."

टकळीने सकाळी अर्ज देण्याआधी काढून ठेवलेला त्याचा फोटो मोबाइलवर उघडून पुढे केला. आत्याने घसा साफ केला आणि साक्ष वाचून दाखवावी तशा आवाजात सुरुवात केली.

"'महोदया. सागरी विमा या क्षेत्रातील आपल्या फर्मच्या देदीप्यमान कामगिरीची मला लहानपणापासून ओढ आहे.'" आत्या थांबली. "हे त्या औषधाच्या दुकानावरचं ऑफिस ना? घटस्फोटांचं?"

"हो."

"मग त्यांच्या जिन्यावर जहाजं कशी चढली?"

टकळीने मोबाइल हिसकावून घेतला. वाचलं. परत वाचलं. "बुडाले!"

"जहाजासकट," आत्या म्हणाली. "आणि बंदरवाल्यांना काय पाठवलंस?"

टकळीने दुसरा अर्ज उघडला. तिथे तिला वैवाहिक कलह आणि घटस्फोट या क्षेत्राची लहानपणापासून ओढ होती. आत्याने तोही मोठ्याने वाचला, आणि मग दुकानातून जेवायला आलेल्या आपल्या भावाकडे वळून बघितलं.

"काय रे, घरात काय काय दिसलंय हिला लहानपणी?"

"आमचं काय!" बाबांचा हात ताटातच राहिला. "आमचं भांडण म्हणजे पंखा दोनवर की तीनवर!"

पण टकळीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, म्हणून कुणी पुढे हसलं नाही. बंदरवाल्यांचा अर्ज गेला तो गेलाच. माडीवरच्या ऑफिसची मुदत आज संध्याकाळी पाचची होती, आणि आता साडेतीन वाजले होते. तिने चपला घातल्या. आत्याने पर्स उचलली.

"तू कशाला येतेस?"

"तू एकटी गेलीस तर पाच वाजेपर्यंत नुसती प्रस्तावनाच करशील."

माडीवर काचेचा दरवाजा होता. आत एक लांब बाक आणि बाकासमोर टेबल. टेबलामागे करड्या मिशांचे एक गृहस्थ जाडजूड रजिस्टर उघडून बसले होते. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या रजिस्टरात नोंदला जाई. सगळं ऑफिस त्यांना आवकजावक म्हणूनच हाक मारायचं.

"काका," टकळीने सुरुवात केली, "सकाळी मी एक अर्ज–"

"मी इथे काका नाही."

"बरं, साहेब. सकाळी मी एक अर्ज दिला होता, तो मला परत हवाय."

"शिक्का पडलाय. आवक झालेला कागद परत जात नाही."

मग टकळी सुटली. अर्ज कुणाच्या मालकीचा, तो स्वीकारला म्हणजे नेमकं काय झालं, मुदत संपेपर्यंत अर्जदाराला माघार घेता येते की नाही, ठेव ठेवलेल्या वस्तूचं काय होतं, आणि पोस्टाने गेलेल्या पत्राची गोष्ट कशी निराळी. आवकजावकांनी तोवर एक कप चहा शांतपणे संपवला.

"झालं?"

"अजून एक मुद्दा आहे."

"तोही रजिस्टरात बसत नाही."

आत्याने भाचीला कोपराने बाजूला सारलं. "शुद्धिपत्र घेता का?"

आवकजावकांनी पहिल्यांदाच मान वर केली. समोर जाणतं माणूस उभं आहे हे त्यांना कळलं असावं. "शुद्धिपत्र घेतो," ते म्हणाले. "एक पान. पाचच्या आत. मूळ अर्जाला टाचून."

टकळी बाकावर बसली, मांडीवर पर्स, पर्सवर कागद. आत्या शेजारी बसून सांगायला लागली. "लिही. उपरोक्त अर्जातील पहिल्या परिच्छेदात अनवधानाने–"

टकळीने तेवढं लिहिलं, त्याकडे बघितलं आणि खोडलं. "आत्या, अनवधानाने नाही गं झालं. अवधान द्यायचं ठरवलंच नव्हतं मी कधी. तू जरा गप्प बस ना."

टकळी दुसऱ्या कुणाला तरी गप्प बस म्हणतेय, हे इतकं नवलाचं होतं की आत्या खरंच गप्प बसली. नवीन कागदावर टकळीने न थांबता लिहिलं:

'माझ्या सकाळच्या अर्जात मला सागरी विम्याची लहानपणापासून ओढ असल्याचं लिहिलं आहे. ते खरं नाही. मला होडीतसुद्धा मळमळतं. मी दुसऱ्याच्या नमुन्यावरून अर्ज लिहिले आणि दोन फर्मची कामं उलटसुलट झाली. चूक माझी आहे, नमुना देणाऱ्याची नाही. तुमच्या कामाचीही मला लहानपणापासून ओढ नव्हती. शेवटच्या वर्षी मी कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात बसायचे. तिथे एक बाई घर खाली करण्याची नोटीस घेऊन आल्या. नोटिशीवरची तारीख चुकीची आहे हे आमच्या सरांनी दाखवलं, आणि त्या बाईंना आणखी तीन महिने मिळाले. त्या उठल्या आणि छत्री विसरून गेल्या. मी छत्री द्यायला धावले, तर त्या जिन्यात बसून एकट्याच हसत होत्या. मला ते काम करायचं आहे. अर्जातला बाकीचा मजकूर बरोबर आहे. मी फार बोलते, हे अर्जात लिहायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते.'

आत्याने वाचलं. "देदीप्यमान कुठे गेलं?"

"गेलं."

"बरं झालं."

पाचला दहा कमी असताना आवकजावकांनी कागद घेतला. नोंद करायची म्हणून तो वाचणं त्यांना भागच होतं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मिशी मात्र एका बाजूला थोडी उचलली गेली.

"होडीत मळमळतं, हे आवश्यक आहे?"

"हो," टकळी म्हणाली.

"राहू द्या मग." आणि त्यांनी शिक्का मारला.

पाचव्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं. टकळीने फोन ठेवला आणि अख्खी सोसायटी ऐकेल अशी आरोळी ठोकली. दादा कडक कॉलरसह धावत आला आणि कुठल्याही प्रश्नाला आधी 'उत्तम प्रश्न आहे' म्हणायचं, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो, असं सांगून गेला.

वकीलबाई ठेंगण्या होत्या. एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत, तिसरा टेबलावर. चष्मेवाल्याच्या मुलीची नजर आधी तिथेच गेली, आणि नाकावरचा चष्मा चुकीच्या नंबरचा आहे हे ती जवळजवळ बोलूनच गेली होती. मोठ्या कष्टाने तिने ते गिळलं.

"दोनशे चौदा अर्ज आले," वकीलबाई म्हणाल्या. "त्यातल्या दीडशे जणांना आमच्या फर्मची लहानपणापासून ओढ आहे. फर्म सुरू होऊन अकरा वर्षं झाली. काय म्हणायचं यावर?"

"उत्तम प्रश्न–" टकळीने जीभ चावली. "काही नाही, मॅडम. मीही तेच लिहायचे. एकवीस वेळा लिहिलं."

"खाली औषधाच्या दुकानात कुणी नुसतं विचारलं असतं ना, वर कोण बसतं, काय करतात, तर त्या माणसाने सगळं सांगितलं असतं. बोलका आहे तो. दोनशे चौदापैकी तीन जणांनी विचारलं."

"मी नाही विचारलं."

"माहितेय. त्याने मला सांगितलं."

मग वकीलबाईंनी एक साधासा प्रश्न विचारला: भाडेकरूने घर सोडलं, पण किल्ली दिली नाही, तर? टकळीने त्यावर नऊ मिनिटं उत्तर दिलं. त्यातली पहिली दोन मिनिटं चांगली होती, हे तिला स्वतःलाही जाणवलं, पण गाडी थांबेना. वकीलबाईंनी हात वर केला.

"आता एक अशील येतायत. निवृत्त बसड्रायव्हर आहेत. तुम्ही तिथे कोपऱ्यात बसायचं. ते जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जमेल?"

"जमेल की! म्हणजे मला तसं–"

वकीलबाईंनी नुसतं बघितलं. टकळीने तोंड मिटलं.

ड्रायव्हर आजोबा आले. कोपऱ्यात एक शिकणारी मुलगी बसली तर चालेल का, असं वकीलबाईंनी आधी विचारलं. "बसू दे," आजोबा म्हणाले, "ऐकणारं माणूस वाढलं तर बरंच आहे." त्यांना मृत्युपत्र बदलायचं होतं, तेही चौथ्यांदा. मुलीचं नाव काढून घर पुतण्याला द्यायचं. मुलगी परगावी असते, सणावाराचं सोडा, साधा फोन करत नाही. त्यांनी बसच्या गोष्टी सांगितल्या, वळणांच्या सांगितल्या, मुलगी लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून थांब्यांची नावं कशी ओरडायची तेही सांगितलं.

टकळीचा जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक वाक्यावर तिला काही ना काही म्हणायचं होतं. तिने खुर्चीची कड धरली, पेनाचं टोपण चावलं, खिडकीचे गज मोजले. आजोबांच्या एका वाक्यावर तर तिचं तोंड उघडलंसुद्धा. तिने ते जांभई दिल्यासारखं करून मिटलं, आणि ते फारच उद्धट दिसलं. पण दहाएक मिनिटांनी एक गंमत झाली. बोलायचं नाहीच म्हटल्यावर पुढचं वाक्य मनात जुळवायचं कामच उरलं नाही, आणि तिला आजोबा ऐकू यायला लागले.

ते गेल्यावर वकीलबाईंनी विचारलं, "काय हवंय त्यांना?"

"मुलीचं नाव काढून–"

"ते त्यांनी सांगितलं. मी विचारलं, हवंय काय?"

टकळीने आजोबांचं बोलणं मनात पुन्हा चाळलं. "त्यांनी तीनदा विचारलं," ती म्हणाली, "की हा बदल मुलीला पत्राने कळवावा लागतो का. तुम्ही तीनदा नाही म्हणालात. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, पत्र जावं असंच त्यांना वाटतंय. पत्र गेलं तर ती फोन करेल. भांडायला का होईना."

वकीलबाईंनी नाकावरचा चष्मा काढला. "मग आपण काय करायचं?"

"मला माहीत नाही," टकळी म्हणाली, आणि एवढं लहान उत्तर आपण कधी दिलं होतं ते तिला आठवेना.

"मलाही अजून नीटसं सापडलेलं नाही. म्हणून सहीला पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय." वकीलबाईंनी फाईल बंद केली. "या तुम्ही. कळवू."

कळवलं. दहा दिवसांनी पत्र आलं. जागा एकच होती आणि ती दुसऱ्या उमेदवाराला दिली गेली होती. टकळीचा क्रमांक दुसरा. या पत्रात 'तथापि' नव्हतं. वकीलबाईंनी शेवटी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या: 'शुद्धिपत्र चांगलं होतं. पुढचे अर्ज त्या बाईंच्या छत्रीपासून सुरू करा.'

टकळी दोन दिवस उदास होती, म्हणजे नेहमीपेक्षा निम्मंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने दादाचा नमुना परत केला. "राग मानू नकोस रे," ती म्हणाली, "तुला तो बसतो. माझ्या अंगाला तो होत नाही." मग तिने यादीतल्या पुढच्या तीन फर्मच्या खालची दुकानं गाठली. एकीखाली केस कापायचं दुकान, दुसरीखाली बेकरी, तिसरीखाली टायरवाला. टायरवाल्याने तर खुर्ची दिली आणि वरच्या वकिलांची पंधरा वर्षांची कुंडली मांडली. त्या महिन्यात तिने तीनच अर्ज केले, तिन्ही आपल्या शब्दांत. दोन ठिकाणांहून भेटायला या म्हणून उत्तर आलं.

पण तिथे जाण्याची वेळ आलीच नाही. मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"आवकजावक बोलतोय. निवडलेला मुलगा काचेच्या इमारतीत गेला. मॅडमनी विचारायला सांगितलंय, तुम्ही येता का? सोमवारी नऊ."

"येते!" टकळी म्हणाली. पुढे काही बोलण्याआधी पलीकडून फोन ठेवला गेला होता.

घरी एकच गिल्ला झाला. आईने शाळेत सुट्टी टाकायची भाषा केली, बाबांनी दुकानातून नवी फ्रेम आणली, तिला नंबर नसतानाही. दादाने तेवढा हळूच प्रश्न काढला, "दुसरी पसंती म्हणून जाणार?"

"अरे, अठ्ठावीस वर्षं कोर्टात बसले मी," आत्या त्याच्यावर उखडली. "निकालावर कुणाच्या पहिल्या-दुसऱ्या पसंतीचं नाव लिहिलेलं कधी पाहिलं नाही."

सोमवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना टकळी माडीवर हजर झाली. तिची जागा झेरॉक्सच्या मशीनला चिकटून होती. मशीन चालू झालं की टेबल थरथरायचं. वकीलबाई कोर्टात गेल्या होत्या. पहिलं काम आवकजावकांनीच दिलं: कपाटातल्या जुन्या फायली झटकायच्या आणि दोऱ्याने नव्याने बांधायच्या.

"गाठ अशी हवी," ते म्हणाले, "की उभ्या उभ्या, एका हाताने सुटली पाहिजे, आणि पिशवीत सुटता कामा नये. कोर्टात फाईल सोडायला बसायची जागा मिळत नाही." त्यांनी एकदा करून दाखवलं. दोऱ्याचं टोक कुठून गेलं आणि कुठून आलं ते टकळीला कळलंच नाही.

"परत दाखवा ना."

त्यांनी परत दाखवलं, या वेळी सावकाश. टकळीने बांधलेली पहिली फाईल उचलताक्षणी उघडी पडली आणि कागद जमिनीवर पसरले. दुसरी सुटेचना, ती दातांनी सोडवावी लागली. दुपारच्या जेवणापर्यंत टेबलावर बारा फायली होत्या आणि त्यातल्या पाचच धड होत्या. आवकजावकांनी त्या पाच उचलून एकेक हलवून बघितल्या, चार कपाटात ठेवल्या आणि पाचवी तिच्यापुढे सरकवली.

"ही पुन्हा," ते म्हणाले. "आणि आता मला काका म्हटलंत तरी चालेल. फक्त अशील समोर असताना नको."